मार्पलबाईंनी मैत्रिणीचं म्हणणं खरं का मानलं?

मित्रहो, आजचा विषय शब्दप्रमाण. म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान. उदाहरण मात्र मी रहस्यकथेतून घेणार आहे.

अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. १९२७ साली एका लघुकथेतून त्या वाचकांसमोर आल्या. १९३० साली त्यांची पहिली कादंबरी निघाली. एकूण १२ कादंबऱ्या आणि २० कथा. सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक इंग्लिश खेड्यात राहणाऱ्या, अविवाहित, लोकर विणत बसणाऱ्या वृद्ध बाई. त्यांच्या तर्काचं आपण कौतुक करतो. पण तर्क सुरू होण्याआधी एक प्रश्न सुटावा लागतो: कोणाचं म्हणणं खरं धरून सुरुवात करायची?

१९५७ सालची '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' ही कादंबरी घ्या. मिसेस मॅकगिलिकडी या बाई आगगाडीतून चालल्या आहेत. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी त्याच दिशेनं जाते आहे. तिच्या एका डब्याचा पडदा उडतो आणि आत एक पुरुष एका स्त्रीचा गळा दाबताना बाईंना दिसतो. तिकीट तपासनीसाला वाटतं, बाईंना डुलकी लागली असेल. पोलीस शोध घेतात, पण प्रेत कुठेच मिळत नाही. झालं, प्रकरण संपलं! विश्वास ठेवतात त्या एकट्या मार्पलबाई.

का ठेवतात? मैत्रीण आहे म्हणून? नाही. आपल्या न्यायदर्शनात आप्ताचं वचन प्रमाण मानलं आहे. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का! ज्याला ती वस्तू प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन तर पुढे म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. त्यात पद नाही, प्रतिष्ठा नाही.

मार्पलबाई नेमकं हेच तपासतात. मैत्रिणीला कल्पनाशक्ती जवळजवळ नाहीच. असलं दृश्य ती रचू शकणार नाही. खोटं बोलून तिला मिळवायचंही काही नाही. म्हणजे तिनं जे पाहिलं, तेच ती सांगते आहे. ज्या साधेपणामुळे जग तिच्याकडे दुर्लक्ष करतं, तोच इथे तिची पात्रता ठरतो.

पण विश्वास म्हणजे सिद्धता नव्हे. त्यापुढे अनुमान लागतं. खून झाला, पण गाडीत प्रेत नाही, म्हणजे ते बाहेर टाकलं असणार. कुठे? बाई स्वतः त्या मार्गानं प्रवास करतात, नकाशे पाहतात आणि वळणावरची एक जागा हेरतात. वय झालेलं, धावपळ झेपणार नाही. म्हणून ल्यूसी नावाच्या हुशार तरुणीला तिथल्या घरात कामाला पाठवतात. प्रेत सापडतं, आणि मग पोलिसांना ऐकावंच लागतं.

आता कोणी म्हणेल, मार्पलबाई तर संशयी! माणसाबद्दल आधी वाईटच धरून चालणाऱ्या. खरं आहे. पण यात विसंगती नाही. गोड बोलणाऱ्यालाही त्या तेच दोन प्रश्न लावतात: याला हे ठाऊक असू शकतं का, आणि खरं सांगण्याची याची इच्छा आहे का? आपण मात्र तिसराच प्रश्न आधी विचारतो: हा बोलणारा कोण?

ख्रिस्तीच्या जगालाही इथे मर्यादा आहे. मार्पलबाईंचं पोलीस ऐकतात, त्यामागे स्कॉटलंड यार्डचे निवृत्त कमिशनर सर हेन्री क्लिदरिंग यांच्यासारख्यांनी दिलेली ग्वाही बऱ्याचदा असते. मिसेस मॅकगिलिकडीही सुस्थितीतल्या बाई. हेच दृश्य एखाद्या मोलकरणीनं पाहिलं असतं तर? तिची तक्रार पोलिसांपर्यंत तरी पोचली असती का?

तेव्हा या कादंबऱ्या वाचताना खुनी शोधाच. त्यातली मजा घालवू नका. पण हातात पेन्सिल ठेवा. कोणी काही सांगितलं आणि ते हसण्यावारी गेलं, की समासात खूण करा. तिथे नाकारलं गेलं ते म्हणणं की माणूस, हे स्वतःला विचारा. मग तीच पेन्सिल घेऊन वर्तमानपत्र वाचा. आणि घरातल्या वृद्ध बाईंनी काही सांगितलं, तर 'काहीतरीच बोलता!' म्हणण्याआधी ते दोन प्रश्न लावून बघा.