मुलगी एकटी परदेशी निघते तेव्हा कशाची चौकशी करावी?

दिल्लीच्या करोल बागेत मराठी कानावर पडायला फार लांब चालावं लागत नाही. शेजारच्या जुन्या राजेंद्रनगरात यूपीएससीसाठी आलेली मुलं-मुली राहतात, आणि इथल्या हॉटेलांत व्हिसाच्या कामाला किंवा पहाटेच्या विमानासाठी आलेली कुटुंबं उतरतात. कधी त्यांच्यात पाठीवर सॅक घेऊन निघालेली मुलगी असते. नेपाळमध्ये किंवा आफ्रिकेतल्या एखाद्या शाळेत काही महिने शिकवायला चाललेली. "रात्री बाहेर पडू नकोस, अनोळखी माणसाशी बोलू नकोस," ही घरच्यांची काळजी रास्तच आहे, पण तेवढ्यानं भागत नाही.

पहिला गैरसमज असा, की धोका बाहेर असतो आणि खोलीची कडी लावली की आपण सुरक्षित. 12 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे याच करोल बागेत अर्पित पॅलेस हॉटेलला आग लागली आणि 17 जण गेले. केरळहून लग्नासाठी आलेल्या कुटुंबातली माणसं त्यात होती, म्यानमारचे प्रवासीही होते. मजल्यांवरच्या लाकडी कामामुळे आग भडकली, धूर कोंडला, काहींनी वरून उड्या टाकल्या. म्हणून काठमांडू असो की नैरोबी, शक्यतो खालचा मजला मागावा. सामान ठेवल्याबरोबर आपत्कालीन दारापर्यंत चालत जाऊन ते उघडतं का, हे पाहावं. खिडकीला पक्के गज असतील तर खोली बदलून घ्यावी. तसंच रस्त्याचं. परदेशात धडधाकट प्रवाशांचा जीव घेणाऱ्या कारणांत रस्ते अपघात अगदी वर आहेत. भाड्याच्या स्कूटरवर हेल्मेट नसेल आणि आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: "पगार घेत नाही, मग टुरिस्ट व्हिसा पुरतो." अनेक देशांत बिनपगारी कामही कामच धरतात, थायलंडमध्ये त्याला वर्क परमिट लागतं. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त 30 दिवस स्वयंसेवा करता येते. राहण्या-जेवणाच्या मोबदल्यात हॉस्टेलात राबणंही बऱ्याच ठिकाणी कामच धरलं जातं. हा नुसता कागदाचा प्रश्न नाही. चुकीच्या व्हिसावर काम करणाऱ्या मुलीला त्रास झाला, तर पोलिसांत जायला तीच घाबरते, आणि त्रास देणाऱ्याला हे ठाऊक असतं. योग्य व्हिसा असला की तिला तक्रार करायला बळ येतं. मला तर मिरपुडीच्या फवाऱ्यापेक्षा तो मोलाचा वाटतो. शिवाय तो फवारा काही देशांत बेकायदा आहे.

"अनाथाश्रमात काम म्हणजे पुण्याचं, तिथे कसली भीती?" असंही वाटतं. कंबोडियात आणि नेपाळात अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं उघड झालं आहे. परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलं घरापासून तोडली जातात. ऑस्ट्रेलियानं 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा तिथे या व्यापाराचीही चर्चा झाली. हे वाचून मन विषण्ण होतं. आणि आपल्या मुलीच्या दृष्टीनंही त्यात खूण आहे. जी संस्था पोलीस पडताळणीचा दाखला न मागता कोणालाही लहान मुलांत सोडते, ती तिच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्याचीही चौकशी करत नाही. हा दाखला आपल्याकडे पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. संस्थेनं तो मागितलाच नाही, तर तिथे जाऊ नये.

"पासपोर्ट आमच्याकडे ठेव, सांभाळून ठेवतो," म्हणणाऱ्याला नकार द्यायला संकोचू नये. 1967 च्या पासपोर्ट कायद्यानुसार तो सतत भारत सरकारच्याच मालकीचा असतो. यजमानाला झेरॉक्स पुरते.

दूतावास सगळं निस्तरेल, हा समजही सोडावा. दूतावास हरवलेल्या पासपोर्टच्या जागी प्रवासाचा कागद देतो, वकिलांची नावं देतो, घरी कळवतो, आणि खरोखर अडलेल्यांना 2009 पासूनच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदतही करतो. पण तो तिथल्या कायद्यातून सोडवू शकत नाही. अटक झालीच, तर आपल्या दूतावासाला कळवा असं सांगण्याचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना करारातल्या 36व्या कलमानं दिला आहे. पाकिस्ताननं अटक केलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 2019 मध्ये पाकिस्तानला दोषी धरलं, ते याच कलमावर. दूतावासाचा नंबर फोनबरोबर कागदावरही हवा. फोन चोरीला जातो.

राहता राहिला सगळ्यांत जुना आक्षेप: मुलीनं एकटीनं जाणंच बेजबाबदारपणाचं. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, नवऱ्याशिवाय अमेरिकेला निघाल्या, तेव्हाही लोक हेच म्हणत होते. पण न्यू यॉर्कला त्यांना घ्यायला आलेल्या कार्पेंटरबाई अनोळखी नव्हत्या; दोघींचा पत्रव्यवहार काही वर्षं चालू होता. आज अशी ओळख आठवड्याभरात करून घेता येते. संस्थेत आधी राहून गेलेल्या दोन मुलींचे नंबर मागा आणि संस्थेच्या माणसांना मध्ये न घेता त्यांना फोन करा: तिथे बायकांची खोली वेगळी आहे का, दाराला आतून कडी आहे का, तक्रार केली तेव्हा कोणी ऐकलं का, आणि विमानतळावर घ्यायला नक्की कोण आलं होतं.