खरड ते फेज आठ : गाडीतल्या रिकाम्या जागा

पहाटे 5.45
जानेवारीत या वेळी मोहालीजवळच्या खरडमध्ये समोरची इमारतही दिसत नाही. खिडकीतून धुक्याचा अंदाज घेते आणि माझ्या गाडीतल्या सहप्रवाशांच्या ग्रुपवर निरोप टाकते : आज दहा मिनिटं लवकर. मी मूळची नांदेडची. नोकरी मोहालीच्या फेज 8-बीमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत, पण तिथलं घरभाडं झेपत नाही म्हणून राहायला खरडला. असे आम्ही पुष्कळ जण आहोत. भाड्यात वाचलेले पैसे रस्त्यावर जातात.

सकाळी 6.40
पहिला थांबा गुरुद्वाऱ्याच्या कोपऱ्यावर. आंटीजी शालीत गुरफटून उभ्या असतात. फेज 8 मधल्या एका रुग्णालयात त्या वॉर्डात मदतनीस आहेत, पाळी आठची. "सत श्री अकाल, बेटा" म्हणत मागे बसतात. पुढे बलौंगीला कारखान्यात पॅकिंग करणारी मुलगी चढते, मग माझ्याच ऑफिसातला एक सहकारी. नियम ठरलेला आहे : दोन मिनिटं वाट बघायची, नंतर गाडी निघते. ऐकायला कठोर वाटतो, पण एकाच्या उशिरानं तिघांची हजेरी कापली जाते.

सकाळी 7.10
या भागाला ट्रायसिटी म्हणतात. चंदीगड केंद्रशासित, मोहाली पंजाबात, पंचकुला हरयाणात. रस्त्यावर सीएच 01, पीबी 65, एचआर 03 अशा पाट्या शेजारी शेजारी धावतात. बस मात्र तीन सरकारांच्या, आणि मेट्रो अजून कागदावर. चंदीगडची आखणी ल कॉर्बुझिएनं केली, रुंद रस्ते आणि चौकोनी सेक्टर. मोहालीही त्याच वळणावर वाढली. गाडीवाल्याला हे शहर सुखाचं आहे. पायी चालणाऱ्याला एक सेक्टर ओलांडतानाच दमायला होतं, धुक्यात आणि अंधारात बाईमाणसाला तर जास्तच.

1 एप्रिल 2021 पासून पंजाब सरकारच्या साध्या बसमधून राज्यातल्या स्त्रियांना तिकीट नाही. हा निर्णय मला मनापासून आवडतो. आंटीजी दुपारी दोनला सुटतात तेव्हा उजेड असतो आणि त्या बसनंच घरी जातात. सकाळी मात्र बस मोठ्या रस्त्यानं निघून जाते, कारखान्याच्या फाटकापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर उरतातच. तिथे शेअर रिक्षा भरायची वाट बघत बसायची, आणि रिक्षा रोज वेळेवर भरेलच असं नाही. नोकरी सुटते ती बहुतेक वेळा याच ठिकाणी.

सकाळी 7.35
रुग्णालयाच्या दारात आंटीजी उतरतात, मग कारखाना, शेवटी आम्ही. पैशांचा हिशेब महिन्याच्या अखेरीस होतो : पेट्रोल भागिले चार, वर एक रुपया नाही. आंटीजींचा वाटा आम्ही दोघं ऑफिसवाले निम्मा उचलतो. त्यांना फुकट नको होतं, आणि त्यांचं बरोबरच आहे.

दुपारी 1.15
जेवणाच्या सुट्टीत हाच विषय निघाला. आमच्या मजल्यावर सफाई करणाऱ्या बाई डेराबस्सीकडून येतात. सातची वेळ गाठता येत नाही म्हणून काम सोडायचं म्हणत होत्या. त्याच बाजूनं एक सहकारी एकटा गाडीत येतो. त्याला विचारलं तर तो गप्प झाला. शेवटी म्हणाला, "त्यांनाच अवघडल्यासारखं होईल." बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "साहेबांच्या गाडीत मी कशी बसू?"

मला गाडी वाटून घेण्यातली खरी अडचण इथे दिसते. सहप्रवासाची ॲप सापडतील, पण तिथे लॅपटॉपवाला लॅपटॉपवाल्याला जागा देतो. त्याला गाडी मिळाली नाही तर तो टॅक्सी करतो. ज्याचा पगारच खाडा झाला की बुडतो, त्याच्यापर्यंत ही रिकामी जागा पोचत नाही, कारण शेजारी बसायचं म्हटलं की दोन्हीकडच्यांना संकोच वाटतो. आज निदान एक ठरलं : डेराबस्सीकडचा तो सहकारी सोमवारपासून अर्धा तास लवकर निघेल, आणि पहिले काही दिवस त्या भागातली आमची आणखी एक सहकारी बाईंबरोबर बसेल.

दुपारी 3.30
कायद्याचंही समजून घ्यावं लागतं. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं चालवता येत नाही, मोटार वाहन कायदा 1988 चा परवाना त्याला लागतो. नफा घेतला की विम्याचा दावाही अडकू शकतो. केंद्राच्या नोव्हेंबर 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी खासगी गाड्यांचा ॲपवरून सहप्रवास मान्य केला होता : शहरात दिवसाला चार, शहराबाहेर आठवड्याला दोन फेऱ्या, राज्यानं मनाई केली नसेल तर. खर्च वाटून घेणाऱ्या शेजाऱ्यांसाठी राज्यांनी अशाच परवानगीची एक स्पष्ट ओळ लिहिली तर माणसं न घाबरता पुढे येतील. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं स्त्रियांच्या रात्रपाळीसाठी ने-आणीची अट मालकावर घातली आहे. सकाळच्या पाळीसाठी पहाटे निघणाऱ्यांनाही ती लागू हवी.

संध्याकाळी 5.50
परतीला पॅकिंगवाली मुलगी बरोबर असते. आज लांडरांवरून गेलो, तिला मावशीकडे सोडायचं होतं. त्या वाटेवर छप्पर चिडी लागते. 1710 मध्ये शीख सेनानी बंदासिंग बहादूर इथे लढले आणि जिंकले. त्यांची आणि गुरू गोविंदसिंगांची भेट आमच्या नांदेडला झाली होती. मी हे सांगितलं तेव्हापासून ती मला "नांदेडवाली दीदी" म्हणते. तिचा पगार आता तिच्याच खात्यात जमा होतो आणि ओव्हरटाइमला ती नाही म्हणत नाही, घरी परतायची सोय आहे म्हणून.

रात्री 9.30
ग्रुपवर उद्याची वेळ पडली : 6.40. आंटीजींनी आवाजी निरोप पाठवून होकार कळवला.

चाकण, अंबड, वाळूज, हिंजवडी, कुठेही तुम्ही एकटे गाडीनं जात असाल तर तुमच्या फाटकावरच्या रखवालदाराला आणि मजला पुसणाऱ्या बाईंना एकदा विचारा, ते कुठून येतात. वाट एकच निघाली तर वेळ ठरवा, पेट्रोलचा हिशेब आधीच बोलून घ्या, आणि मागची सीट मोकळी करा.