गुहेतल्या वटवाघळाला वेळ कोण सांगतं?

बसा सगळे. दिवा मालवू नका, ही भुताची गोष्ट नाही. वटवाघळांची आहे आणि अक्षरन् अक्षर खरी आहे.

तमिळनाडूत मदुरै हे मीनाक्षीच्या देवळाचं गाव. गावाच्या पश्चिमेला नागमलै नावाची लांबलचक डोंगररांग आहे आणि तिच्या पायथ्याशी मदुरै कामराज विद्यापीठ. १९६६ साली सुरू झालेलं, आसपासच्या जिल्ह्यांतली मुलं जिथं शिकायला येतात असं. १९७०च्या दशकात तिथं मरोली चंद्रशेखरन नावाचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आले. जर्मनीतल्या ट्युबिंगेनला जाऊन शिकून आलेला माणूस. पण संशोधनासाठी त्यांनी परदेशी यंत्रांची वाट पाहिली नाही. आसपास काय आहे ते पाहिलं. डोंगर होते, डोंगरांत गुहा होत्या आणि गुहांमध्ये वटवाघळं.

ही वटवाघळं लहान, किडे खाणारी. नाकावर पानासारखी एक घडी. शास्त्रज्ञ त्यांना हिप्पोसिडेरॉस स्पिओरिस म्हणतात. एवढं लांब नाव लक्षात ठेवलं नाही तरी चालेल. दिवसभर ती गुहेच्या अगदी पोटात लटकतात. तिथं सूर्याचा एक किरण पोचत नाही. उन्हाळा असो की पावसाळा, गारवा तेवढाच, ओल तेवढीच. आणि तरी रोज बाहेर सूर्य मावळला की थोड्याच वेळात थवाच्या थवा गुहेच्या तोंडातून बाहेर पडतो. आज फार लवकर, उद्या फार उशिरा असं होत नाही.

आता सांगा, आत त्यांना कसं कळतं?

"भूक लागते म्हणून," असं धाकटा म्हणतोय. चांगलं उत्तर आहे. पण भूक तरी रोज त्याच वेळेला का लागते?

याचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे जायला हवं. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेराँ नावाच्या शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक रोप काळोखात कोंडून ठेवलं. त्याची पानं दिवसा उघडायची, रात्री मिटायची. उजेड नाही म्हटल्यावर ती थांबतील असं कुणालाही वाटेल. थांबली नाहीत. अंधारातही वेळ झाली की उघडली, वेळ झाली की मिटली. म्हणजे वेळ रोपाच्या आत होती.

आपल्या चंद्रशेखरनांनीही तरुणपणी असंच काही पाहिलं होतं. मद्रासच्या किनाऱ्यावर लाटांच्या पट्ट्यात वाळूत शिरून बसणारा एक छोटा खेकडा असतो. तो प्रयोगशाळेत आणला, समुद्रापासून तोडला, तरी भरती-ओहोटीच्या तालाने त्याची धडपड वाढत होती आणि ओसरत होती. लाट नाही, वाळू नाही, पण भरती आत शिल्लक. १९६५मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मला या खेकड्याचं फार अप्रूप वाटतं. समुद्र त्याच्या अंगात किती खोल शिरला असेल, विचार करा.

तर जवळजवळ प्रत्येक जिवाच्या आत घड्याळ असतं. वटवाघळाच्याही. पण इथं एक अडचण आहे, ती नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. हे आतलं घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं. कुणाचं थोडं कमी, कुणाचं थोडं जास्त. माझ्या लहानपणी वडिलांचं मनगटी घड्याळ रोज दोन-चार मिनिटं पुढे जायचं. मग आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी ठोके पडले की ते चावी ओढून काटे जुळवून घ्यायचे. जुळवलं नसतं तर महिन्याभरात शाळेला तासभर आधी पोचलो असतो. जिवांच्या घड्याळाला हे ठोके बहुतेक वेळा सूर्य देतो. उजेड डोळ्यांत शिरला की घड्याळ जुळतं.

पण गुहेच्या पोटात उजेडच नाही! मग तिथं ठोके कोण देतं?

चंद्रशेखरन आणि त्यांचे विद्यार्थी जी. मारिमुत्तू आपल्या गटासह कामाला लागले. त्यांनी एक वटवाघूळ पकडून पिंजऱ्यात ठेवलं आणि तो पिंजरा गुहेत अगदी आत नेला. वटवाघूळ हललं-उडालं की त्याची नोंद व्हावी अशी जोडणी केली. आजूबाजूला त्याच्याच जातीची मोकळी वटवाघळं होती. ती संध्याकाळी बाहेर जायची, पहाटे परत यायची. पिंजऱ्यातल्याला बाहेर जाता येत नव्हतं आणि बाहेरचा उजेडही दिसत नव्हता. तरी रोज संध्याकाळी, मोकळी मंडळी निघायची तेव्हाच, त्याची फडफड सुरू व्हायची. दिवसामागून दिवस वेळ चुकली नाही.

मग त्यांनी दुसरा प्रयोग केला, आणि मला वाटतं खरी हुशारी यात आहे. तशाच दुसऱ्या एका काळोख्या गुहेत, जिथं वटवाघळं राहतच नव्हती, तिथं एकट्या वटवाघळाचा पिंजरा ठेवला. काळोख तोच, गारवा तोच. फरक एकच, सोबत कुणी नाही. काय झालं असेल? त्याचं घड्याळ चालू राहिलं, पण जुळेना. रोज थोडं थोडं सरकत गेलं. बाहेरच्या जगात संध्याकाळ झालेली असताना त्याच्या अंगात भलतीच वेळ असायची.

म्हणजे पहिल्या गुहेतल्या कैद्याला वेळ सांगत होते ते त्याचे सोबती. गुहेच्या तोंडाशी जाऊन बाहेरच्या उजेडाचा अंदाज घेणारी वटवाघळं घड्याळ जुळवून यायची आणि त्यांच्या हालचालीवरून, आवाजावरून आत लटकलेल्यांची घड्याळं जुळायची. १९८१ साली हे छापून आलं, तेव्हा जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनी मदुरैकडे पाहिलं.

ताईने विचारलं तेच त्यांनीही स्वतःला विचारलं: मग कुठल्याही वटवाघळाची सोबत चालेल का? त्याच गुहेत त्यांनी टॅफोझस नावाच्या वेगळ्या जातीचं वटवाघूळ पिंजऱ्यात ठेवलं. भोवती तीच गजबज, तेच संध्याकाळचं उड्डाण, तरी ते जुळलं नाही. शेकडो पंख फडफडत बाहेर जात होते आणि टॅफोझसचं घड्याळ आपल्याच तंद्रीत सरकत होतं. आता, या दोन जातींचे आवाजही फार वेगळे. नाकावर पान असलेल्या या वटवाघळांचा आवाज सेकंदाला एक लाख तीस हजारांच्या आसपास कंपनांचा. आपल्याला वीस हजारांच्या वरचं काही ऐकूच येत नाही. टॅफोझस त्यापेक्षा खूप खालच्या पट्टीत बोलतं. आपल्या माणसांचा आवाज वेगळा ओळखू येतो ना, तसंच काहीसं इथंही असावं असं मला वाटतं.

हे सगळं ऐकून उजेडाचं महत्त्व कमी झालं असं समजू नका. त्याच विद्यापीठात डी. एस. जोशी आणि चंद्रशेखरन यांनी याच वटवाघळांवर उजेडाचे प्रयोग केले. चांदण्यांच्या प्रकाशाहूनही मंद असा दिवसाचा उजेड घड्याळ जुळवायला पुरतो, असं १९८२मध्ये त्यांनी दाखवलं. आणि दोन वर्षांनी त्याहून नवल: फोटो काढताना होतो तसा लख्खकन एक चमकारा, एका सेकंदाचे दोन हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढाच, तोही घड्याळाचे काटे हलवतो. डोळ्याची पापणी लवायला याच्या शेकडोपट वेळ लागतो. एवढ्याशा उजेडाला जागणारं काहीतरी त्या इवल्या मेंदूत बसलेलं आहे.

आता आईची गोष्ट.

शेतात एक पिटुकला उंदीर असतो, मस बूदुगा. मादी रात्री दाणे शोधायला बाहेर पडते, दिवसा बिळात पिल्लांजवळ असते. बीळ म्हणजे पुन्हा अंधारच. एन. विश्वनाथन आणि चंद्रशेखरन यांनी बाहेरच्या दिवस-रात्रीची काही खूण मिळणार नाही अशा जागी पिल्लं ठेवली. बदल फक्त एक केला. बारा तास आई पिल्लांजवळ ठेवायची, बारा तास उचलून न्यायची. रोज, त्याच वेळी. पिल्लांची घड्याळं आईच्या येण्याजाण्याला जुळली! आई आहे तो पिल्लांचा दिवस, तेव्हा झोपायचं. आई गेली की रात्र, तेव्हा वळवळायचं. आई हीच त्यांचा सूर्य. १९८५मध्ये हे 'नेचर' या साप्ताहिकात आलं, ज्यात छापून यावं म्हणून जगातले शास्त्रज्ञ धडपडतात. एका शेतउंदराने मदुरैचं नाव तिथं नेलं.

आपल्या घरात बाळ आलं तेव्हा सगळ्यांनी किती रात्री जागून काढल्या, आठवतं ना? नव्या बाळाला दिवस-रात्र कळतच नाही. दोनतीन महिने गेले की हळूहळू रात्रीची झोप लांबते, कारण आतलं घड्याळ तेव्हा लयीत येऊ लागतं. माणसाचं बाळ उंदराचं पिल्लू नाही, त्याच्या घड्याळाला उजेडही लागतो, दूध पाजण्याच्या वेळाही लागतात. पण रात्री उठल्यावर दिवा मंद ठेवायचा, बाळाशी फार बोलायचं नाही आणि सकाळी खिडकी उघडून उन्हात न्यायचं, हे तुमच्या पणजीला कुणी न शिकवता ठाऊक होतं.

वटवाघूळ झालं, उंदीर झाला. मग माणूस?

१९६२मध्ये मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच तरुण आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळ न घेता एकटा राहिला. दोनेक महिन्यांनी त्याला बाहेर बोलावलं तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होती. बाहेर १४ सप्टेंबर उजाडला होता. जर्मनीत युर्गेन आशॉफ यांनी तर माणसांना असं राहता यावं म्हणून खास घर बांधलं. आणि मदुरैच्या विद्यापीठातही अशी एक जागा तयार झाली. आतल्या माणसाला ऊन दिसायचं नाही, घड्याळ नाही, रेडिओ नाही, वर्तमानपत्र नाही, भेटायला कुणी नाही. झोप येईल तेव्हा झोपायचं, जाग येईल तेव्हा उठायचं. लोक आपणहून तिथं राहायला गेले, हे मला फार मोठं वाटतं.

त्यात एक बाई होत्या. त्यांचा झोपण्या-जागण्याचा 'दिवस' लांबत गेला, बाहेरच्या दिवसाशी त्याचा मेळ राहिला नाही. पण त्यांची मासिक पाळी त्या लांबलेल्या दिवसांच्या मागे गेली नाही. ताई, तू आता मोठी झालीस, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. यात लाजण्यासारखं काही नाही, ते शरीराचं गणित आहे. १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामावरून दिसलं की झोपेचं घड्याळ आणि पाळीचं चक्र यांची गाठ एकमेकांशी बांधलेली नाही. एकाच शरीरात वेगवेगळे ताल चालू असतात.

वटवाघूळ, उंदीर, माणूस या सगळ्यांचं मुख्य घड्याळ मेंदूत असतं, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर. वीसेक हजार पेशींचा पुंजका. माणसात तो चोवीस तासांपेक्षा थोडा हळू चालतो, म्हणून त्याला रोज सकाळचा उजेड लागतो. शिवाय यकृत, आतडं, हृदय यांतही त्या-त्या जागची घड्याळं आहेत. या घड्याळाची जनुकं फळमाशीत शोधून ती कशी चालतात हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं.

तुमची मावशी सिस्टर आहे. महिन्यातून आठवडाभर तिला रात्रपाळी असते. त्या आठवड्यात ती चिडचिड करते, जेवण अंगी लागत नाही म्हणते, दिवसा पडून राहते पण झोप लागत नाही. तो तिचा स्वभाव नाही, बरं का. मेंदूतलं घड्याळ म्हणतं रात्र आहे, झोप. कामाची वही म्हणते सलाईन बदल. पोटातलं घड्याळ तिसरंच काही सांगतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर शरीर किंमत मोजतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ सालीच घड्याळ बिघडवणारी पाळीची कामं 'कर्करोग होण्याची बरीच शक्यता' असलेल्या यादीत घातली. म्हणून ती सकाळी घरी येऊन झोपली की पडदे ओढून घ्यायचे, टीव्हीचा आवाज बंद, आणि बेल वाजवणाऱ्याला मी दारातच थांबवतो. तुम्हीही हे पाळा. आपल्यासाठी रात्रभर जागणाऱ्या माणसाची झोप आपण राखलीच पाहिजे.

चंद्रशेखरन यांना १९७९मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे ते बंगळुरूला गेले, २००९मध्ये वारले. पण हे काम मदुरैपुरतं राहिलं नाही. आपल्या नगरच्या अहमदनगर कॉलेजातही प्राणिशास्त्राच्या विभागात घड्याळांवर संशोधन झालं, फळमाश्यांवर. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, त्यांच्या नात्यातल्या. या माश्या कोशातून बाहेर येण्याची वेळ पाळतात. सखल भागातल्यांना त्यासाठी पहाटेचा ओलावा सोयीचा. नगरच्या संशोधकांनी हिमालयातल्या खूप उंचावरच्या माश्या आणून पाहिल्या. तिथं पहाट कडाक्याच्या थंडीची, त्या वेळी बाहेर आलेली माशी पंख सुकवणार कशी? त्या माश्यांची घड्याळं उजेडापेक्षा उबेला जास्त मान देतात असं दिसलं. एकाच जातीची माशी, पण डोंगरावर राहायला गेली आणि घड्याळ कुणाचं ऐकायचं हे तिने बदललं.

काय म्हणतोस? तुला माश्या पाळायच्यात? पाळ की. रुंद तोंडाची बाटली घे, तळाशी पिकलं केळं ठेव, माश्या शिरल्या की तोंडाला मलमल बांध. आठवड्याभरात काचेला बारीक तपकिरी कोश चिकटलेले दिसतील. मग पहाटे पाचपासून दुपारपर्यंत दर तासाला किती माश्या नव्याने बाहेर आल्या ते वहीत मांड. नवी माशी फिकट असते, पंख चुरगळलेले असतात, लगेच ओळखू येते. पहाटेची पाळी माझी, मला नाहीतरी चारला जाग येते.