सामायिक स्वयंपाकघर : ओटा सर्वांचा, जबाबदारी कोणाची?

नोकरी-शिक्षणासाठी महानगरांत एकट्याने राहणाऱ्यांकरिता सहनिवासाच्या इमारती उभ्या राहत आहेत. स्थलांतरित कामगारांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये जाहीर केलेल्या परवडणाऱ्या भाडेघरांच्या योजनेतही सदनिकांबरोबर शयनगृहांची तरतूद करण्यात आली. अशा निवासांत खोली वा खाट स्वतःची असली, तरी स्वयंपाकघर बहुधा सर्वांचे असते. त्याची आखणी चुकल्यास रहिवाशांना बाहेरच्या महागड्या जेवणावर अवलंबून राहावे लागते.

हा प्रश्न मुंबईच्या गिरणगावाला नवा नाही. गावाकडे कुटुंब ठेवून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीने राहत आणि पाळीनुसार आळीपाळीने झोपत. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. शौचालये सामायिक होती. चूल मात्र खोलीतच मांडावी लागे. अशा दाटीत प्रत्येकाने स्वतंत्र रांधणे शक्य नव्हते. ती गरज वस्तीतील खानावळवाल्या स्त्रियांनी भागवली. महिन्याच्या बोलीवर त्या अनेक कामगारांना जेवू घालीत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या स्त्रियांना संघटित केले आणि सावकाराऐवजी बँकेच्या कर्जाचा मार्ग दाखवला.

खानावळीत जेवणारे अनेक असले, तरी चूल सांभाळणारी व्यक्ती ठरलेली असे. सामायिक स्वयंपाकघरात नेमकी हीच व्यक्ती नसते. तिची उणीव काही अंशी रचनेतून भरून काढावी लागते.

त्यासाठी संपूर्ण इमारतीला एक मोठे स्वयंपाकघर देण्याऐवजी प्रत्येक मजल्यावर लहान स्वयंपाकघर असणे हिताचे ठरते. वापरणारे परस्परांना ओळखत असल्यास खरकटी भांडी कोणाची, हा वाद वाढत नाही. शेगड्यांची संख्या ठरवताना केवळ रहिवासी मोजून भागत नाही. कामावरून परतल्यावर एकाच वेळी किती जण रांधतील, हे पाहावे लागते. ओटा सामायिक असला तरी शिधा ठेवण्याचे कप्पे प्रत्येकाचे वेगळे आणि कुलूपबंद असावेत. शाकाहारी व मांसाहारी स्वयंपाकासाठी ओटा आणि भांडी वेगळी ठेवल्यास तंट्याचे मोठे कारण दूर होते. समोरासमोरच्या दोन ओट्यांत सुमारे १२० सेंटिमीटर अंतर असल्यास रांधणाऱ्याला धक्का न लागता दुसऱ्याला मागून जाता येते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. त्यामुळे वायुवीजनाची झरोकी खालच्या बाजूसही हवीत. नळाने येणारा नैसर्गिक वायू मात्र हलका असल्याने वर जातो आणि त्यासाठी छताजवळ झरोके लागतात. अनेकांचा वावर असलेल्या ठिकाणी सिलिंडर इमारतीबाहेर ठेवून नळीने गॅस आत आणणे आणि मुख्य झडप सर्वांच्या सहज हाताशी ठेवणे आवश्यक आहे. विजेच्या शेगड्या वापरायच्या असल्यास त्यांचा भार बांधकामापूर्वीच विचारात घ्यावा लागतो.

तरीही रोजची स्वच्छता केवळ रचनेने होत नाही. त्यासाठी पगारी मदतनीस नेमून तो खर्च भाड्यातच धरल्यास ओट्याची जबाबदारी पुन्हा एका ठरलेल्या व्यक्तीकडे जाते. खानावळी टिकल्या त्या याच व्यवस्थेमुळे.