प्रारंभाचे परिणाम : एका डावाचे परीक्षण

स्पर्धेतील डावाचे परीक्षण करताना पराभवाची चाल शोधण्याकडेच सामान्यतः कल असतो. तथापि पराभवाचे बीज पुष्कळदा प्रारंभातच पडलेले असते. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत मीर सुलतान खान याने होझे राऊल कापाब्लांका याच्यावर मिळविलेला विजय या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. कापाब्लांका १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेता होता. याउलट, पंजाबातील सुलतान खान देशी पद्धतीच्या बुद्धिबळात वाढलेला होता. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरकत असे. त्यामुळे युरोपातील प्रारंभशास्त्राशी त्याचा परिचय उशिरा झाला.

काळी मोहरी घेऊन कापाब्लांकाने क्वीन्स इंडियन बचाव स्वीकारला. पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या ओळींना १ ते ८ अशी नावे असतात. या बचावात वजिराकडील उंट बी-७ या घरात बसवितात. तेथून तो तिरप्या रेषेने पटाच्या मध्यावर, विशेषतः ई-४ या घरावर, दाब ठेवतो. पाचव्या चालीस सुलतान खानाने वजिराच्या बाजूचे कडेचे प्यादे एक घर पुढे नेले. ही चाल वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु तिच्यामुळे काळ्याच्या दुसऱ्या उंटाला बी-४ वर येऊन पांढऱ्या घोड्याला जखडता येत नाही.

कापाब्लांकाने डी-५ वर प्यादे आणले. सहाव्या चालीस ते मारले गेले, तेव्हा त्याने राजाच्या प्याद्याने परत मारले. त्यामुळे त्याच्याच उंटाची रेषा बंद झाली. आज अशा वेळी घोड्याने मारणे अधिक रूढ आहे. सतराव्या चालीस ई-४ वरही काळे प्यादे येऊन बसले आणि अडसर दुहेरी झाला.

एकविसाव्या चालीपासून कापाब्लांकाने दोन हत्ती देऊन वजीर घेतला. वजिराला मोकळ्या वाटा आणि दुबळी लक्ष्ये लागतात. येथे मध्य बंद होता आणि उंटाची साथ अपुरी होती. सुलतान खानाने घाई न करता खेळ पुढे नेला. पासष्टाव्या चालीस कापाब्लांकाने हार मानली.

कडेच्या प्याद्याची ती चाल पुढे तिग्रान पेट्रोस्यान या जगज्जेत्याच्या नावाशी जोडली गेली. परीक्षण करणाऱ्याने म्हणूनच प्रारंभीच्या प्रत्येक चालीस एक प्रश्न विचारावा : हिने कोणत्या मोहऱ्याची वाट मोकळी झाली आणि कोणाची बंद?