राजहंसगड पडद्यावर उतरवताना

बेळगावला निसर्गचित्रणाची जुनी परंपरा आहे. के. बी. कुलकर्णी इथेच शिकवत, आणि पुढे नावारूपाला आलेले रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. आज टिळकवाडीतली कॉलेजची मुलं टॅब्लेटवर निसर्गचित्रं करू पाहतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो: सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? प्रश्न रास्त आहे. पण चित्र कसं उभं राहतं हे एकदा कळलं, की त्याचं उत्तर फार सोपं होतं. म्हणून आधी चित्राकडे वळू.

विषय घेऊ पावसाळ्यातला, येळ्ळूरच्या भातशेतातून दिसणारा राजहंसगड. सुरुवातीला रंगाला हातच लावायचा नाही. सहाशे पिक्सेल रुंदीचा लहानसा कॅनव्हास, चार करड्या छटा आणि कडक कडांचा एक मोठा गोल ब्रश, एवढं पुरे. आकाश सगळ्यात फिकं, आडवं पसरलेलं शेत त्याच्या खालोखाल, गडाचा उतार त्याहून गडद आणि उभी झाडं सगळ्यात गडद. अमेरिकन निसर्गचित्रकार जॉन कार्लसन यांनी यामागचं कारण समजावलं आहे. उजेड वरून येतो, त्यामुळे आडव्या जमिनीला तो भरपूर मिळतो, उताराला कमी आणि उभ्या झाडाला सगळ्यात कमी. अशी तीन-चार छोटी रेखाटनं करा आणि दुरून पाहा. त्यात गड ओळखू येत नसेल, तर पुढे कितीही बारकावे भरले तरी येणार नाही.

मग अंतर. हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी लांबचे डोंगर निळसर दिसतात, कारण मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. पावसाळ्यात मात्र हवेत पाण्याचे थेंब असतात आणि ते सगळेच रंग सारखे विखुरतात. त्यामुळे गड निळा न होता पांढुरका होतो, आणि त्याचा पायथा धुक्यात विरून जातो. नवखे विद्यार्थी जुलैतल्या डोंगरालाही सवयीने निळा रंग देतात, आणि तिथेच चित्रातला पाऊस नाहीसा होतो. गडाची वरची कड थोडी स्पष्ट ठेवा, खालची मऊ ब्रशने पुसून टाका.

हिरवा रंग ही आपल्या भागातली खरी परीक्षा. रंगचक्रावर पेन टेकवलं की ते आपोआप सगळ्यात भडक हिरव्याकडे सरकतं. शेतात तसा हिरवा जवळपास नसतोच. कोवळ्या भाताच्या पातीतून ऊन आरपार येतं, म्हणून ती पिवळसर आणि उजळ दिसते. बांधावरच्या आंब्याचं जाड पान उजेड अडवतं आणि वरच्या आभाळाचा करडेपणा अंगावर घेतं, म्हणून ते गडद, किंचित निळसर भासतं. हे दोन हिरवे शेजारी शेजारी नीट बसले की अर्धं चित्र झालं. हे फोटोवरून शिकू नये. फोन सावल्या उजळवतो आणि आभाळ दाबतो. व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांखाली तासभर बसून केलेला अभ्यास शंभर फोटोंपेक्षा जास्त शिकवतो.

रंग भरताना आभाळ, गड, झाडं आणि शेत यांचे वेगवेगळे लेयर ठेवा आणि प्रत्येकावर अल्फा लॉक लावा, म्हणजे ब्रश आकाराबाहेर जात नाही. सगळ्यात वर एक काळा लेयर ‘कलर’ या ब्लेंडिंग मोडमध्ये ठेवा. तो चालू केला की अख्खं चित्र करडं दिसतं आणि उजेडातल्या चुका लगेच सापडतात. अधूनमधून चित्र आरशासारखं उलटंही करून पाहावं.

आता सॉफ्टवेअर. वर सांगितलेलं सगळं क्रिटामध्ये होतं. ते मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, मोठ्या अँड्रॉइड टॅब्लेटवरही. गिम्पसुद्धा मोफत आहे, पण त्याचा कल फोटोंवर काम करण्याकडे. प्रोक्रिएट उत्तम, एकदाच विकत घ्यावं लागतं, मात्र फक्त आयपॅडवर चालतं. फोटोशॉपला वर्गणी भरत राहावी लागते. ओल्या जलरंगाची ओढ असेल तर रिबेल पाहा; कागदावर रंग पसरतो तसा तो त्यात पसरतो.

यंत्राची ताकद मात्र तपासा. ३०० डीपीआयचा ए-फोर कॅनव्हास म्हणजे २४८० बाय ३५०८, सुमारे ८७ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एक भरलेला लेयर साधारण ३५ एमबी खातो. तीस लेयर झाले की एक जीबी. चार जीबी रॅमचा लॅपटॉप इथे अडखळू लागतो, आठ जीबीवर काम निभतं.

छपाईला देण्याआधी छोटा नमुना काढून घ्या. पडद्यावरचा तेजस्वी हिरवा छपाईच्या शाईत तितका उजळ येत नाही. मूळ फाइल लेयरसकट जपून ठेवा.

पेन टॅब्लेट स्क्रीनचा नसला तरी चालतो. पाहायचं एकीकडे आणि काढायचं दुसरीकडे, याची सवय काही आठवड्यांत होते. दाबाच्या ४०९६ आणि ८१९२ पातळ्यांमधला फरक हाताला कळत नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. हाताशी थोडे पैसे असतील तर ते या पेनावर घाला. सॉफ्टवेअरवर पहिल्या वर्षी एक रुपयाही खर्च करायची गरज नाही.