सायकलवरून निघाली शू!

डोळ्यांसमोर आण बरं! १९४१ सालचा फेब्रुवारी महिना. इंग्लंडातलं ऑक्सफर्ड शहर. महायुद्ध चालू आहे, थंडी मी म्हणतेय. आणि कुणीतरी सायकल दामटत चाललंय. सोबत जपून ठेवलेली बाटली!

ओळख पाहू, बाटलीत काय? दूध? सरबत? छे! शू! रॅडक्लिफ रुग्णालयातल्या एका पेशंटची शू! आणि ती चाललीय थेट प्रयोगशाळेत.

ईऽऽ म्हणू नकोस. त्या बाटलीत तेव्हाचं एक अतिशय दुर्मीळ औषध होतं! त्याचं नाव पेनिसिलीन.

पेशंट होते अल्बर्ट अलेक्झांडर नावाचे पोलीस. चेहऱ्यावरच्या जखमा चिघळून अंगभर पू झालेला. फार फार छोटे जीव, म्हणजे जिवाणू, त्यांच्या शरीरात माजले होते. मग शास्त्रज्ञ हॉवर्ड फ्लोरी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी तयार केलेलं पेनिसिलीन त्यांना टोचलं. एका दिवसात ताप उतरू लागला!

आता हे औषध आलं कुठून, माहितेय? बुरशीतून! शिळ्या पावावर उगवते ना, तिच्याच एका बहिणीकडून. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञांना दिसलं होतं, की ही बुरशी असेल तिथे आसपासचे जिवाणू मरतात. पण बुरशी वाढवायची कशात? फ्लोरींच्या चमूतल्या नॉर्मन हीटलींनी सुरुवातीला कशात वाढवली असेल? खाटेवरून उठता न येणाऱ्या पेशंटला शू-शीसाठी देतात ना, त्या भांड्यांत! उथळ, पसरट, अगदी हवं तसं. (नव्या कोऱ्या गोष्टीला नवं कोरं भांडंच लागतं असं थोडंच आहे!)

बरं, पेनिसिलीन जिवाणूंना मारतं कसं? बेदाणा रात्री वाटीभर पाण्यात टाकून ठेव. सकाळी टम्म! पाणी आत घुसतं. जिवाणूच्या आतही पाणी असंच घुसू बघतं. पण त्याच्याभोवती असते एक मजबूत भिंत. ती त्याला आवळून धरते. जिवाणू वाढताना ही भिंतही वाढवावी लागते. आणि नेमकं तेच काम पेनिसिलीन बंद पाडतं! भिंत होते कच्ची, पाणी येतं आत, आणि जिवाणू... फट्ट!

आपल्या पेशींना मात्र अशी भिंतच नसते. म्हणून आपण शाबूत! साध्या सर्दीच्या विषाणूलाही ती नसते. तिथे बिचारं पेनिसिलीन पाडणार काय?

पण शूचं काय? सांगते! आपल्या पाठीच्या बाजूला, कमरेच्या थोडं वर, दोन मूत्रपिंडं असतात. रक्त गाळायचं त्यांचं काम. पेनिसिलीन दिसलं रे दिसलं, की ती त्याला उचलून शूमध्ये ढकलतात. साधारण अर्ध्या तासात रक्तातलं निम्मं औषध बाहेर! आणि बाहेर पडतं तेही बरंचसं जसंच्या तसं. म्हणून तर ते शूमधून काढून पुन्हा टोचता आलं.

रुग्णालयातल्या सिस्टर औषध देताना घड्याळ का बघतात, कळलं? कधी दर चार तासांनी, कधी दर सहा तासांनी. मध्यरात्रीसुद्धा! उशीर झाला तर रक्तातलं औषध ओसरतं आणि उरलेले जिवाणू भिंती बांधायला मोकळे. आणि पहिल्या सुईआधी त्या विचारतात, "याआधी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं का?" कारण काही जणांच्या शरीराला पेनिसिलीन मुळीच चालत नाही.

आपले पोलीस अल्बर्ट अलेक्झांडर मात्र वाचले नाहीत. पाच दिवसांत औषध संपलं, शूमधून मिळालेलंही पुरलं नाही आणि जिवाणू पुन्हा उसळले. मग फ्लोरींच्या चमूने ठरवलं, यापुढे जास्तकरून मुलांवर उपचार करायचे. का? अंग छोटं, औषध थोडं! आजही सिस्टर तुला आधी वजनकाट्यावर उभं करतात ते याचसाठी.

पुढे पेनिसिलीन पिंपांच्या पिंपं बनू लागलं. आपल्या पुण्याजवळ, पिंपरीलाही त्यासाठी १९५४ मध्ये कारखाना स्थापन झाला.

आणि आता खरी गंमत ऐक. शास्त्रज्ञांनी पेनिसिलीनची एक संथ जातही बनवली! ती पाण्यात पटकन विरघळतच नाही. मांडीच्या किंवा कुल्ल्याच्या स्नायूत टोचली की तिथेच बसून राहते आणि कणाकणाने रक्तात येते. एक सुई, आणि काम चालतं तीन-चार आठवडे! संधिवाताच्या तापाने ज्या मुलांच्या हृदयाला धोका असतो, त्यांना ती वर्षानुवर्षं देतात.

दुखते हं ती! बाटलीतल्या पांढऱ्या पुडीत पाणी घातलं की दुधासारखं दाट औषध होतं. सिस्टर बाटली छान हलवतात आणि जरा जाड सुई घेतात. बारीक घेतली, तर औषध सुईतच अडकून बसतं!